सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर १८९६, मुंबई – २० जून १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ होते. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण पुरस्कार मिळाला.

जीवन

लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. बंदुकीने टिपलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटवण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तेथूनच त्यांच्या पक्षी-अभ्यासाला सुरुवात झाली. १९३० मध्ये त्यांनी किहीम येथे सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला.

माळढोक आणि सोलापूर

राष्ट्रीय पक्षी म्हणून अलींनी माळढोकचा पुरस्कार केला होता. १९६३ मध्ये हा मान मोराला मिळाला. आफ्रिकेच्या सॅव्हानातील कोरी माळढोकचा हा जवळचा नातलग खुल्या गवताळ माळरानावर जगतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे माळ नांगरला गेला की वीणही धोक्यात येते. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. १९८०च्या दशकात अलींच्या सोसायटीने त्यातील नान्नज येथे माळढोकच्या परिसंस्थेचे संशोधन केले. अभयारण्याचे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र पुढे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटवण्यात आले. आज तेथे काळवीट व लांडगे आढळतात. माळढोक मात्र क्वचितच दिसतो.