सॅम्युअल मोर्स : उशिरा पोहोचलेले पत्र



‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संगणक आणि मोबाईल येतात. पण ही गोष्ट संगणकाच्या बरीच आधी सुरू होते आणि तिचा एक नायक चक्क चित्रकार होता.

सॅम्युअल मोर्स यांचा जन्म २७ एप्रिल १७९१ रोजी अमेरिकेतील चार्ल्सटाउन येथे झाला. येल येथे शिकून ते चित्रकार झाले. फेब्रुवारी १८२५ मध्ये ते वॉशिंग्टनला सेनानी लाफायेत यांचे चित्र काढीत होते. त्याच वेळी न्यू हेवन येथे त्यांच्या पत्नी लुक्रेशिया यांचे अचानक निधन झाले. वडिलांचे पत्र यायला काही दिवस लागले. मोर्स घरी पोहोचले, तेव्हा दफनविधीही उरकला होता.

पुढे सात वर्षांनी, १८३२ साली, युरोपातून परतताना जहाजावर विद्युतचुंबकाची चर्चा त्यांच्या कानी पडली. विजेने निरोप धाडता येईल, हा विचार मनात पक्का झाला. परंतु विजेचे ज्ञान तोकडे होते. लिओनार्ड गेल व जोसेफ हेन्री यांचे मार्गदर्शन आणि आल्फ्रेड व्हेल यांचे परिश्रम लाभले, तेव्हा यंत्र आकारास आले. पुढे श्रेयावरून हेन्रींशी त्यांचा वाद झाला, हेही सांगितले पाहिजे.

त्यांच्या लिपीत दोनच खुणा : टिंब आणि रेघ. इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या ‘ई’ अक्षराला केवळ एक टिंब, म्हणजे वेळेची बचत. आजचा संगणकही सगळी माहिती ० आणि १ या दोनच अंकांत मांडतो.

१८४३ साली अमेरिकी संसदेने ३०,००० डॉलर मंजूर केले. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून सुमारे ६० किलोमीटर दूर बाल्टिमोरला क्षणात संदेश पोहोचला. २ एप्रिल १८७२ रोजी न्यूयॉर्क येथे मोर्स यांचे निधन झाले.

भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. दारात तारवाला उभा राहिला की घरात काय होत असे, ते आजी-आजोबांना जरूर विचारा. आणि बाहेरगावी गेलात, तर सुखरूप पोहोचल्याचा निरोप घरी देण्यास आळस करू नका. निरोप वेळेवर न मिळण्याचे दुःख मोर्स यांनी सोसले होते.