संग्रह आणि परिग्रह : सर थॉमस फिलिप्स यांचे जीवन

ग्रंथांचे जतन करणे हे पुण्यकर्म मानले जाते. परंतु जतन करणाऱ्याच्या मनातील ग्रंथाविषयीचा आदर कोठे संपतो आणि मालकीचा मोह कोठे सुरू होतो, हे सांगणे फार कठीण असते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेलेले हस्तलिखित-संग्राहक सर थॉमस फिलिप्स यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. सुमारे साठ हजार हस्तलिखिते आणि त्यांच्या जोडीला हजारो छापील ग्रंथ त्यांनी एका हयातीत जमविले. हस्तलिखितांचा एवढा मोठा संग्रह करणारी दुसरी खासगी व्यक्ती त्या काळात झाली नाही.

२ जुलै १७९२ रोजी मँचेस्टर येथे फिलिप्स यांचा जन्म झाला. वडील कापडाच्या व्यवसायात धनवान झालेले; थॉमस हे त्यांचे विवाहबाह्य संबंधातून झालेले एकुलते अपत्य. आईचा सहवास त्यांना फारसा लाभला नाही. रग्बी येथील शाळेत असतानाच त्यांच्याजवळ शंभराहून अधिक पुस्तके होती आणि त्यांची पद्धतशीर यादीही त्यांनी केली होती. ऑक्सफर्डला शिक्षण झाले. १८१८ साली वडील वारले आणि वूस्टरशायरमधील ब्रॉडवे गावानजीकची मिडल हिल ही जमीनदारी, तिच्या भरघोस उत्पन्नासह, त्यांच्याकडे आली. १८१९ मध्ये विवाह झाला. १८२१ मध्ये ‘बॅरोनेट’ हा किताब मिळाला. यापुढील सारे आयुष्य त्यांनी ग्रंथांना वाहून घेतले.

तो काळ ग्रंथांच्या दृष्टीने मोठ्या उलथापालथीचा होता. फ्रेंच राज्यक्रांती आणि नेपोलियनची युद्धे यांमुळे युरोपातील अनेक मठ ओस पडले होते आणि शतकानुशतके सांभाळलेली हस्तलिखिते बाजारात आली होती. त्यांतील पुष्कळशी चर्मपत्रावर लिहिलेली. सोन्याचा वर्ख कुटणाऱ्या कारागिरांना, सरस करणाऱ्यांना आणि शिंप्यांना हे चर्मपत्र हवे असे; त्यावरील अक्षरांशी त्यांना कर्तव्य नव्हते. फिलिप्स यांनी हा संहार पाहिला आणि मुद्दाम चढे भाव देण्याचे धोरण स्वीकारले. जुन्या पानांना चांगली किंमत येते असे दिसले, तर लोक ती पाने नष्ट करणार नाहीत, असा त्यांचा विचार होता. तो खराही ठरला. लिलावगृहात चढलेली बोली हीच अनेक हस्तलिखितांची संरक्षक झाली.

१८२४ साली हेग येथे मीरमन या डच घराण्याच्या ग्रंथसंग्रहाचा लिलाव झाला. पॅरिसमधील जेझुइट पंथीयांच्या महाविद्यालयातून आलेली अतिप्राचीन हस्तलिखिते त्यात होती. त्यांतील बहुतांश फिलिप्स यांनी घेतली. १८३६ मध्ये रिचर्ड हीबर या विख्यात संग्राहकाची हस्तलिखिते लंडनमध्ये विक्रीस निघाली, तेव्हा चारशेहून अधिक हस्तलिखिते त्यांच्याकडे आली. काव्य, इतिहास, धर्मग्रंथ, जुनी दानपत्रे, घराण्यांच्या वंशावळी, नकाशे असे काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. कधीकधी एखाद्या विक्रेत्याची संपूर्ण सूचीच ते विकत घेत. पुढे तर जगातील प्रत्येक ग्रंथाची एक प्रत आपल्याकडे असावी, अशी आकांक्षा त्यांनी बोलून दाखविली.

या आकांक्षेचा भार इतरांनी वाहिला. उत्पन्न मोठे असूनही खर्च त्याहून मोठा होता. विक्रेत्यांची देणी वर्षानुवर्षे थकत आणि त्यांतील काहींना व्यापार सावरता आला नाही. घरातील बहुतेक खोल्या पेट्यांनी भरून गेल्या. आग लागल्यास ग्रंथ तत्काळ बाहेर नेता यावेत, म्हणून ते पुढील झाकण खाली उघडणाऱ्या लांबट पेट्यांत ठेवलेले असत. पत्नी आणि तीन मुली यांना त्या घरात जेमतेम जागा उरली. तरीही एक गोष्ट नमूद करणे न्याय्य होईल. अभ्यासासाठी येणाऱ्या विद्वानांचे मिडल हिलमध्ये स्वागत होई. स्वतःच्या छापखान्यात त्यांनी संग्रहाची सूची छापली. तिच्यातील नोंदी तेवीस हजारांहून अधिक असून, त्या क्रमांकांनीच आजही अनेक हस्तलिखिते ओळखली जातात.

१८४२ मध्ये थोरली मुलगी हेन्रिएटा हिने वडिलांच्या संमतीवाचून जेम्स हॅलिवेल या तरुण अभ्यासकाशी विवाह केला. पुढे हॅलिवेलवर केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील हस्तलिखिते लांबविल्याचा संशयही आला. फिलिप्स यांनी मुलीला अखेरपर्यंत क्षमा केली नाही. परंतु आजोबांच्या मृत्युपत्रानुसार मिडल हिल तिच्याकडेच जाणार होते. आपले ग्रंथ जावयाच्या छायेत राहू नयेत, म्हणून १८६३-६४ मध्ये त्यांनी चेल्टनहॅम येथील थर्लस्टेन हाऊस या विशाल वास्तूत संग्रह हलविला. शंभराहून अधिक गाड्या आणि दोनशेहून अधिक घोडे त्यासाठी लागले. मागे राहिलेल्या मिडल हिलची झाडे तोडली गेली. घर पडझडीस सोडून दिले गेले.

हा संग्रह राष्ट्राला मिळावा, म्हणून ऑक्सफर्डशी आणि ब्रिटिश म्युझियमशी बोलणी झाली. पण अटी इतक्या कडक की काहीच जुळले नाही. ६ फेब्रुवारी १८७२ रोजी फिलिप्स यांचे निधन झाले. ग्रंथ घरातून हलवू नयेत, कोणा विक्रेत्याने त्यांची मांडणी बदलू नये, हॅलिवेल दांपत्याने आणि कोणाही रोमन कॅथलिकाने ते पाहू नयेत, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. वास्तू आणि संग्रह धाकट्या मुलीकडे, कॅथरिन फेनविककडे गेले. सांभाळण्यास पुरेसा पैसा मात्र नव्हता.

अखेर १८८५ मध्ये न्यायालयाने विक्रीस अनुमती दिली आणि १८८६ पासून लंडनच्या सदबीज या पेढीत लिलाव सुरू झाले. ज्या वाटेने ग्रंथ आले, त्याच वाटेने ते निघाले. मीरमन संग्रहातील हस्तलिखिते १८८७ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात गेली. वेल्श भाषेची प्राचीन हस्तलिखिते १८९६ मध्ये कार्डिफ शहराने घेतली. उरलेल्या संग्रहाची विक्री विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होती. १९६४ मध्ये त्या अवशेषांत इंग्लंडचा आद्य मुद्रक कॅक्स्टन याने केलेल्या ओव्हिडच्या काव्याच्या अनुवादाचा पूर्वार्ध सापडला. उत्तरार्ध सॅम्युअल पीप्स यांच्या संग्रहातून केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात पूर्वीच आलेला होता. १९६६ च्या लिलावानंतर पूर्वार्ध परदेशी जाण्याच्या बेतात असताना निधी उभा राहिला आणि दुरावलेले दोन भाग एकत्र आले.

ज्ञानपंचमीला आपल्याकडे ज्ञानभांडारातील पोथ्या बाहेर काढतात, पुसतात, पूजतात. बासन उघडल्यावाचून पोथी टिकत नाही, हे पूर्वजांनी ओळखले होते. फिलिप्स यांनी चर्मपत्रांना कारागिरांच्या हातोडीखालून वाचविले. ते ऋण विद्येचे जग मान्य करते. मृत्यूनंतरही ग्रंथ आपलेच राहावेत, हा त्यांचा हट्ट मात्र काळाने मानला नाही. त्यांचा संग्रह फुटला, मृत्युपत्र मोडले आणि त्यानंतरच त्यांनी वाचविलेले ग्रंथ सर्वांच्या वाचनात आले. अपरिग्रहाचा अर्थ समजून घेण्यास हे एक जीवन पुरेसे आहे.