लक्ष्मीबाई टिळक : भरल्या घराची आणि सेवेची कहाणी

मराठी आत्मचरित्रांचा विषय निघाला की ‘स्मृतिचित्रे’चे नाव आजही अग्रक्रमाने घेतले जाते. या ग्रंथाच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक यांचे २४ फेब्रुवारी १९३६ रोजी निधन झाले. शालेय शिक्षण जवळपास नाहीच, वाचता येई पण जोडाक्षरे लिहिताना अडखळणे ठरलेले. अशा स्त्रीने मराठी गद्याला एक अक्षरलेणे दिले. मात्र लेखन हा त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध होता. त्याआधीची अनेक वर्षे घर, गोतावळा आणि ख्रिस्ती मंडळीची सेवा यांतच सरली.

१८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे अतिशय कडक. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळक यांच्याशी विवाह झाला. पती कवी, विद्वान, पण एका जागी न रमणारे. पैसा हाती टिकत नसे आणि मनात आले की ते घर सोडून निघत. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली.

खरी परीक्षा पुढेच होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्याची आधी कल्पना नव्हती. लहानगा दत्तू पदरात, धर्म एकीकडे आणि नवरा दुसरीकडे, अशा अवस्थेत त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. हा विरह काही वर्षे चालला. अखेर त्या टिळकांकडे परतल्या, तेही धर्म न सोडता. एकाच संसारात स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवून त्यांनी आपले सोवळे जपले.

पुढे जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने निर्माण केला, असा विचार त्यांच्या मनात दृढ झाला आणि त्यांनी सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. कोणाच्या आग्रहाने नव्हे, तर स्वतःची खात्री पटल्यावरच, १९०० च्या सुमारास त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पतीमागोमाग निमूटपणे गेलेली पत्नी, असे त्यांचे वर्णन म्हणूनच अपुरे ठरते.

अहमदनगर येथील त्यांचे घर कायम भरलेले असे. निराधार मुले, विद्यार्थी, कवी यांचा तेथे राबता होता. बालकवी ठोमरे काही काळ याच घरात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. प्लेगच्या साथीत मिशनच्या मुलींना लागण झाली, तेव्हा जिवाची पर्वा न करता त्यांनी त्यांची शुश्रूषा केली. मंडळीसाठी त्या कीर्तनेही करीत. ख्रिस्ताची कथा मराठी परंपरेच्या वळणाने सांगण्याचा टिळकांचा ध्यास त्यांनी आपलासा केला होता.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच राहिले होते. टिळकांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात साठहून अधिक अध्यायांची भर घातली. मुलगा देवदत्त याच्या संसारासोबत त्या काही काळ कराचीतही राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत तक्रारीचा सूर नाही. स्वतःची फजिती, पतीचा विक्षिप्तपणा, दारिद्र्य, मृत्यू हे सारे खेळकर, घरगुती मराठीत उतरले आहे.

ज्या पतीमुळे सर्वस्व हरपल्यासारखे वाटले, त्याचेच अपुरे काम त्यांनी वार्धक्यात पुढे नेले. माहेरच्या सोवळ्यातून निघून सर्व जातींच्या मुलांना पोटाशी धरण्यापर्यंतचा हा प्रवास त्यांनी स्वतःच्या पायांनी केला. ‘स्मृतिचित्रे’चे वाचक आजही ओसरलेले नाहीत, याचे मर्म त्यातच असावे.