शाईच्या डागांचा वैद्य : डॉ. हर्मान रोर्शाख

वहीवर शाई सांडली म्हणजे विद्यार्थ्यास बोलणी खावी लागतात. त्याच डागांच्या साह्याने मनुष्यस्वभावाची परीक्षा करू पाहणाऱ्या एका वैद्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

हर्मान रोर्शाख यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1884 रोजी स्वित्झर्लंड देशातील झुरिक येथे झाला. वडील चित्रकला शिकवीत. शाई टाकलेला कागद दुमडून उमटलेल्या आकृतीत पशुपक्षी शोधण्याचा मुलांचा खेळ हर्मानला इतका प्रिय, की सोबती त्यास ‘क्लेक्स’, म्हणजे शाईचा डाग, म्हणत. 12 व्या वर्षी मातेचे व 18 व्या वर्षी पित्याचे छत्र हरपले. पुढे झुरिक येथे वैद्यकाचे अध्ययन करून ते मनोरुग्णांची सेवा करू लागले. 1910 साली ओल्गा ह्या रशियन डॉक्टर विदुषीशी त्यांचा विवाह झाला.

1911 साली एका शिक्षकमित्राच्या साह्याने त्यांनी शाळेतील मुलांस असे डाग दाखविले. परंतु खरे संशोधन हेरिसाऊ येथील मनोरुग्णालयात घडले. पावसाळ्यात गौताळ्याच्या डोंगरावरील ढगात एकास हत्ती दिसतो, दुसऱ्यास ऋषी. रोर्शाख ह्यांनी काय दिसले ह्यापेक्षा कसे दिसले ह्यास अधिक महत्त्व दिले: पाहणारा संपूर्ण आकृती घेतो की एखादा कोपरा, आकारावर विसंबतो की रंगावर, स्थिर चित्रात त्यास हालचाल भासते काय? आमच्या मते त्यांच्या बुद्धीची खरी चमक ह्या भेदातच आहे. 405 जणांची त्यांनी परीक्षा घेतली. पैकी 117 निरोगी होते.

प्रकाशकाने खर्चास्तव चित्रे कमी करविली व 10 राहिली. छपाईत डागांवर नको त्या छटा उमटल्या. त्या छटांतही त्यांनी अभ्यासाचा नवा विषय पाहिला! 1921 साली ‘सायकोडायग्नोस्टिक’ हा ग्रंथ निघाला, पण प्रती फारशा खपल्या नाहीत. आपले शास्त्र अपुरे आहे हे ते स्वतः जाणून होते. ते पुरे करण्यास मात्र आयुष्य उरले नाही. आंत्रपुच्छाच्या विकाराने 2 एप्रिल 1922 रोजी, वयाच्या अवघ्या 37 व्या वर्षी, ते निवर्तले. मागे पत्नी व दोन लहान मुले राहिली.

पुढे ही परीक्षा देशोदेशी पसरली. कोणी तिजवर नको तितका भरवसा ठेवला, कोणी तीस निव्वळ तर्कबाजी ठरविले. उत्तरे मोजण्याच्या रीती बदलत गेल्या, वादही चालू आहेत; चित्रे मात्र त्यांनी ठेविली तीच 10 आहेत.