एकाच मतदारसंघातून दोन खासदार, दोघेही लाल बावट्याचे! ठाण्याच्या 1957 च्या निवडणुकीची आणि शामराव परुळेकरांची गोष्ट

कल्याणहून माळशेजच्या दिशेने निघालं की मुरबाडच्या पुढे टोकावडे लागतं. पावसाळ्यात इथून धबधबे बघायला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. आज हा भाग भिवंडी लोकसभेत येतो. पण एक काळ असा होता की शहापूर, मुरबाडपासून पार वर तलासरीपर्यंतच्या डोंगरपट्ट्याचा मतदारसंघ एकच होता, त्याचं नाव ठाणे. आणि तिथून लोकसभेत एक नाही, दोन खासदार जायचे.

आता तुम्ही म्हणाल, हे कसं काय?

तर 1952 आणि 1957 च्या निवडणुकीत देशात द्विसदस्य मतदारसंघ होते. 1957 ला असे 91 मतदारसंघ होते. जिथे दलित किंवा आदिवासींची संख्या मोठी, तिथे एक जागा राखीव आणि एक सर्वसाधारण. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही मतं एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. म्हणजे मुरबाडचा सावकारही आदिवासी उमेदवाराला मत देऊ शकत होता आणि शहापूरचा ठाकूर-कातकरीही सर्वसाधारण जागेचा खासदार ठरवत होता.

1957 ला ठाण्यातून निवडून आले लक्ष्मण महादू मातेरा आणि शामराव विष्णू परुळेकर. दोघेही कम्युनिस्ट पक्षाचे. एक आदिवासी, दुसरे शहरात शिकलेले सुशिक्षित कार्यकर्ते. ही जोडी जमली कशी, ते समजायचं तर शामरावांची गोष्ट मागे जाऊन बघावी लागते.

1902 सालचा जन्म. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात ते काम करायचे. मवाळांची संस्था, सनदशीर मार्ग. पण शामरावांचा ओढा कामगार आणि कुळांकडे होता. 1937 ला ते थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधिमंडळात निवडून गेले. जानेवारी 1938 मध्ये खोतीविरोधात कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर धडकला, तेव्हा शामराव बाबासाहेबांबरोबर होते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते जिनिव्हालाही जाऊन आले.

पुढे ते कम्युनिस्ट झाले. 1939 ला गोदावरी गोखल्यांशी लग्न केलं. कायद्याची पदवी घेतलेल्या, भारत सेवक समाजात काम केलेल्या गोदावरी म्हणजेच सगळ्यांच्या गोदूताई. संसार सुरू होतो न होतो तोच युद्धविरोधी प्रचारासाठी दोघंही तुरुंगात गेले.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे उंबरगाव भागातले काही वारली आले होते. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून परुळेकर दांपत्याचा पुढचा सगळा रस्ता बदलला. जमीनदाराकडे फुकट राबायचं, त्याला वेठ म्हणायचे. लग्नासाठी थोडे पैसे उचलले की नवरा-बायको दोघंही त्या सावकाराचे गुलाम. त्यांना नाव होतं, लग्नगडी. हा सगळा प्रकार मुंबईपासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर चालू होता, हे विशेष.

मे 1945 मध्ये झरी गावात वारल्यांची परिषद झाली आणि वेठ बंद करायचं ठरलं. नुसतं ठरलं नाही, ती बंद पडली. मग मजुरीचा प्रश्न आला. मागणी होती 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये आणि दिवसाची मजुरी 12 आणे. ऐन गवतकापणीच्या दिवसात संप झाला. 10 ऑक्टोबरला, गोदूताईंच्या जीवाला धोका आहे अशी खोटी बातमी पसरवली गेली. त्यांना वाचवायला हजारो वारली तलवाड्याला जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. 5 जण मारले गेले. त्यात जेठ्या गांगड होता.

तरी संप मोडला नाही. पुढच्या वर्षी सरकारने परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केलं. शामरावांनी 1947 ला या उठावावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

मग 1957 आलं. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला घाम फोडला होता. ठाण्याचा निकाल त्या लाटेचाही होताच. पण नुसत्या लाटेवर बोट ठेवणं वारल्यांवर अन्याय ठरेल. कारण ज्यांना बारा वर्षांपूर्वी मालकासमोर मान वर करायची सोय नव्हती, त्यांच्या हातात आता दोन-दोन मतपत्रिका होत्या.

ही पद्धत मात्र टिकली नाही. त्याच निवडणुकीत आंध्रात पार्वतीपुरमला दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरी पडले. हो, तेच, पुढे राष्ट्रपती झालेले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, गिरी तिथेही हरले. 1961 मध्ये कायदा करून द्विसदस्य मतदारसंघच बंद केले. जुन्या ठाण्याचे तुकडे झाले. 1962 ला ठाण्यातून काँग्रेसचे सोनुभाऊ बसवंत निवडून आले आणि भिवंडीतून जव्हार संस्थानचे यशवंतराव मुकणे. 1967 ला डहाणू हा राखीव मतदारसंघ आला. 1977 ला तिथून मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम जिंकले. 2008 च्या पुनर्रचनेत डहाणूचंही नाव गेलं, त्याच्या जागी पालघर आलं.

यातलं बरंचसं बघायला शामराव नव्हते. 1962 च्या चीन युद्धानंतर कम्युनिस्टांची धरपकड झाली. 1964 ला पक्ष फुटला, शामराव मार्क्सवादी पक्षात गेले आणि पुन्हा स्थानबद्ध झाले. ऑगस्ट 1965 मध्ये तुरुंगातच त्यांचं निधन झालं. पाच वर्षं ज्यांनी लोकसभेत ठाण्याची बाजू मांडली, त्यांच्यावर शेवटी खटलासुद्धा चालवला गेला नव्हता. गोदूताईही तेव्हा कैदेत होत्या. वारल्यांच्या लढ्यावरचं त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक 1970 ला आलं, 1972 ला त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतरही 1996 पर्यंत त्या होत्या, आणि तलासरी-डहाणूत लाल बावटाही.