दरायस बादशहाचा कारभार

नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत नहपान राजास क्षत्रप म्हटलें आहे. हें पद मूळचें इराणी. राज्याचें रक्षण करणारा, म्हणजे आपल्याकडील सुभेदार, असा त्याचा अर्थ. या सुभेदारीस ज्यानें पक्की घडी घालून दिली त्या दरायस बादशहाचें चरित्र, राज्यकारभाराचा विचार करणाऱ्या प्रत्येकानें पाहावें असें आम्हांस वाटतें.

इ. स. पूर्वी ५२२ मध्यें दरायस गादीवर आला, तोंच चोहोंकडे बंडें उठलीं. १९ लढाया जिंकून त्यानें तीं मोडलीं व ती हकीकत बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत कोरविली. परंतु तलवारीनें मिळविलेलें राज्य नुसत्या तलवारीनें टिकत नाहीं, हें त्यानें ओळखिलें. हिरोडोटसाच्या वृत्तांताप्रमाणें त्यानें राज्याचे २० सुभे पाडून प्रत्येकाचा वसूल ठरवून दिला. आशियामायनरमधील सार्डिसपासून सूसा राजधानीपर्यंत १११ ठाण्यांचा राजमार्ग होता. सार्डिसचा सुभेदार ओरीटीझ शिरजोर होऊन बादशहाच्या जासुदासही मारूं लागला, तेव्हां दरायसानें फौज धाडली नाहीं. एका सरदाराबरोबर मोहोरबंद पत्रें धाडलीं. सरकारी चिटणिसानें तीं वाचून दाखवितांच सुभेदाराच्या पहारेकऱ्यांनींच त्याचा वध केला. मिसर देशांत तर तेथील जुने कायदे तेथील विद्वानांकडूनच त्यानें एकत्र लिहवून घेतले. कायद्याच्या अभ्यासकांस हें दूरदर्शित्व कौतुकास्पद वाटल्यावांचून राहणार नाहीं.

असें असूनही पश्चिम सरहद्दीवर राज्याला तडा गेला तो कां? आयोनियांतील ग्रीक नगरांवर इराण्यांनीं आपल्या मर्जींतले हुकूमशहा बसविले होते. इ. स. पूर्वी ४९९ मध्यें नगरांनीं त्यांस हांकून बंड पुकारलें. तें मोडण्यास सहा वर्षें लागलीं. मग जमिनीची फेरमोजणी होऊन सारा ठरला, व पुढल्याच वर्षीं मार्डोनियसानें हुकूमशहा काढून नगरांत लोकसत्ता स्थापिली. हेंच शहाणपण आधीं सुचतें तर एवढा रक्तपात टळता! पुढें ४९० मध्यें मॅरेथॉनवर पराभव झाला, व ४८६ मध्यें दरायस वारला.

सुभेदारावर बादशहाची नजर होती. बादशहावर मात्र कोणाचीच नव्हती. चोख कारभार ही रयतेची सोय खरी, पण सोय म्हणजे हक्क नव्हे. अधिकारी केवळ वरिष्ठांस जबाबदार आणि लोकांस नाहीं, अशी व्यवस्था कितीही कुशल असली तरी अपुरीच, असें आमचें स्पष्ट मत आहे. संतुष्ट व सत्तेंत वांटेकरी असलेली प्रजा हाच सरहद्दीचा खरा तट होय.