मोटारीला साल देणारा माणूस

अमेरिकेतल्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात १९५५, १९५६ आणि १९५७ या तीन सालांच्या शेवरले गाड्या शेजारी उभ्या असल्या, की जाणकार सरळ मागच्या बाजूला जातात आणि पेट्रोल भरायचे झाकण शोधतात. १९५५ च्या गाडीत ते मागच्या डाव्या मडगार्डवर उघड दिसते. १९५६ मध्ये ते मागच्या डाव्या दिव्याच्या आड गेले. दिवाच बिजागरीवर बाजूला होतो. १९५७ मध्ये ते डाव्या पंखाच्या क्रोमपट्टीमागे दडले. १९५८ ची गाडी तर लांबूनही कळते, कारण पुढे दोनाऐवजी चार दिवे. पहिल्या तिन्ही गाड्यांचा मूळ सांगाडा जवळपास तोच आहे, बदलला तो मुख्यतः पेहराव. गाडीच्या अंगावर असे साल उमटवण्याची रीत ज्यांच्या कारकिर्दीत रुजली, ते आल्फ्रेड स्लोन. कर्करोगाच्या डॉक्टरांना मात्र हे आडनाव वेगळ्याच कारणाने परिचित असते.

स्लोन यांचा जन्म १८७५ चा, अमेरिकेतल्या न्यू हेवन गावचा. वाढले ब्रुकलिनमध्ये. १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेतून विद्युत अभियंता होऊन ते न्यू जर्सीतल्या हायट नावाच्या बेअरिंगच्या कारखान्यात लागले. कारखाना डबघाईला आलेला. वडिलांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने पाच हजार डॉलर घातले आणि स्लोन यांनी तो सावरला. १९१६ मध्ये तोच कारखाना एक कोटी पस्तीस लाख डॉलरला विकला गेला. या व्यवहारातून स्लोन जनरल मोटर्समध्ये आले आणि १९२३ मध्ये तिचे अध्यक्ष झाले.

समोर हेन्री फोर्ड होते. त्यांची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी जवळजवळ वीस वर्षे बाजारात राहिली. दीड कोटी गाड्या निघाल्या आणि १९१४ पासून कित्येक वर्षे रंग एकच, काळा. किमतीत फोर्डशी लढणे अशक्य होते. स्लोन यांनी दुसरी वाट धरली. शेवरलेपासून कॅडिलॅकपर्यंत चढत्या किमतीची शिडी लावायची, लवकर वाळणारे रंगीत ड्युको वापरायचे आणि दरवर्षी गाडीचे रूप थोडे बदलायचे, म्हणजे कालची गाडी चालत असली तरी जुनी वाटू लागते. १९२७ मध्ये त्यांनी हार्ली अर्ल यांच्या हाताखाली फक्त रंगरूपासाठी स्वतंत्र विभाग काढला. नवे मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत बाजारात येई, त्यामुळे ऑक्टोबर १९५६ मध्ये घेतलेली गाडी १९५७ ची ठरते. हौशी माणसाची पहिली चूक बहुधा इथेच होते. मुंबईलाही या गाड्या परक्या नव्हत्या. १९२८ पासून शिवडीत जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना चालू होता.

रूप दरवर्षी बदलत होते, पण आतल्या माणसाच्या जिवासाठी काय बदलत होते? त्या काळी पुढची काच साधी असे. धडक बसली की तिचे सुऱ्यांसारखे लांब तुकडे होत आणि डोळे, चेहरा, मानेच्या रक्तवाहिन्या चिरल्या जात. दोन काचांमध्ये चिवट पातळ थर बसवला तर काच तडकते, पण तुकडे जागीच राहतात. ही युक्ती ठाऊक होती. फोर्डच्या मॉडेल ए गाडीत पुढची काच तशीच होती, जनरल मोटर्सच्या महागड्या कॅडिलॅकमध्येही ती आली. १९२९ मध्ये ड्यू पाँ कंपनीच्या प्रमुखांनी ती स्वस्त शेवरलेतही घालावी असे पत्राने सुचवले. (अर्थात त्या काचेच्या धंद्यात ड्यू पाँचाही हितसंबंध होता.) स्लोन यांनी नकार दिला. अपघात होवोत न होवोत, वाढीव खर्च ग्राहकाकडून निघणार नाही आणि भागधारकांचा नफा घटेल, असा त्यांचा हिशेब होता. या माणसाने हिशेबात सहसा चूक केली नाही, म्हणूनच हा नकार अधिक बोचतो. पंखाच्या आकारावर पैसे खर्च करायला हीच कंपनी पुढे कधी कचरली नाही.

त्यांचे जवळचे सहकारी चार्ल्स केटरिंग यांची गोष्टही अशीच दुहेरी आहे. १९१२ च्या कॅडिलॅकला त्यांनी विजेचा स्टार्टर दिला. त्याआधी गाडी पुढून दांडा फिरवून सुरू करावी लागे. दांडा उलटा फिरला की मनगटाजवळचे हाड मोडे. अस्थिरोगतज्ज्ञ त्या विशिष्ट मोडीला आजही शोफरचे फ्रॅक्चर म्हणतात. याच केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसे घालण्याचा शोध लागला. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात त्या शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले, तरी शिशाचे पेट्रोल पुढे अनेक दशके विकले गेले.

१९४५ मध्ये स्लोन यांनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयाशेजारी कर्करोग संशोधन संस्था उभारायला चाळीस लाख डॉलर दिले. संस्थेला दोघांची नावे मिळाली, स्लोन-केटरिंग. उद्योगात जसे संशोधन शिस्तीने आणि ठरवून होते तसे ते कर्करोगातही व्हावे, अशी त्यामागची कल्पना होती. आणि ती फळली. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी बनवलेले ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध या संस्थेत रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर तपासले गेले आणि १९५३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीला त्याने महिने मिळाले, वर्षे नव्हे. पण इतर औषधांच्या जोडीने ते आजही लहान मुलांच्या तीव्र ल्युकेमियात दोन-तीन वर्षे रोज पोटात दिले जाते, आपल्या सरकारी रुग्णालयांतसुद्धा.

स्लोन १९५६ पर्यंत कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी पत्नी आयरीन गेल्या. मूलबाळ नव्हते. तोवर कंपनीच्या पंखांची स्पर्धा शिगेला पोचत होती. १९४८ च्या कॅडिलॅकला इवलेसे उंचवटे होते. १९५९ च्या गाडीचे पंख सर्वांत उंच, आणि प्रत्येकात बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन लाल दिवे. १९६० मध्ये ते खाली आले. ओळखायला याहून सोपी गाडी नाही. पण या टोकदार पंखांवर आदळून मुले आणि मोटारसायकलस्वार जखमी झाल्याची, दगावल्याचीही नोंद राल्फ नेडर यांनी नोव्हेंबर १९६५ च्या आपल्या पुस्तकात केली.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ फेब्रुवारी १९६६ रोजी, नव्वदीतले स्लोन हृदयविकाराने गेले, तेही स्वतःचे नाव असलेल्या त्याच कर्करोग केंद्रात. सप्टेंबरमध्ये अमेरिकेने वाहन सुरक्षेचा कायदा केला. १९२९ ची काचेबद्दलची पत्रे १९६८ मध्ये सिनेटच्या समितीपुढे उघड झाली.

तेव्हापासून जुन्या गाडीचे साल ओळखायला जाणकारांना नव्या खुणा मिळाल्या. पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या बाजूंना छोटे दिवे किंवा परावर्तक दिसले, तर ती गाडी बहुधा १९६८ ची किंवा नंतरची. पुढच्या आसनांना मूळचाच खांद्यावरचा पट्टा असेल, तर अंदाज आणखी पक्का होतो. मान मागे झटकू नये म्हणून आसनावर डोक्याचा आधार सक्तीचा झाला तो १९६९ पासून.